जव गोड होतो तो तास

मोड आणून वाळवलेला जव भरड दळायचा, ६६ अंश सेल्सियसच्या पाण्यात घालून नीट ढवळायचा आणि झाकण ठेवून तासभर थांबायचं. तासानंतर ते पाणी चाखून पाहावं तर चांगलं दाट गोड लागतं. वरून साखर घातलेली नसते, गूळही नसतो. दाण्यात जे पिठूळ होतं तेच गोड झालेलं असतं. घरी बिअर करायला शिकताना मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, आणि बिअरच्या गप्पांत तो सहसा येतच नाही. मी घरी बिअर करते म्हटल्यावर लोक विचारतात, चढते का? किती टक्के? कायद्यात बसतं का? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही पुढे देईन. पण जवाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला राहते. आमच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त शिक्षक राहतात. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमधून ओल्या धान्याचा, किंचित भाजका असा एक वास यायचा. तो वास माझ्या ओळखीचा होता, फक्त कुठला ते आठवत नव्हतं. एकदा मी कुंपणाशी जाऊन विचारलंच. त्यांनी गॅरेजचं दार पूर्ण वर केलं, आत बोलावलं आणि माझ्या हातात थर्मामीटर दिला. ‘आकडा अडुसष्टच्या वर गेला किंवा चौसष्टच्या खाली आला तर मला हाक मार,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. आता वाटतं, शिकवण्याची याहून चांगली पद्धत नसेल. तासभर मी एका आकड्याकडे बघत होते, आणि आकड्याकडे बघता बघता पातेल्यातलं पांढुरकं गढूळ पाणी हळूहळू नितळ, तांबूस होताना दिसलं.

कायद्याचं आधी सांगून टाकते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र त्यात आली नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून घरची बिअर करमुक्त झाली. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, आणि एकच प्रौढ असेल तर त्याच्या निम्मी. विकायची मात्र नाही. तरीही राज्यांचे आपापले कायदे होतेच. अलाबामा आणि मिसिसिपीत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडावं लागलं. आमच्या ऑरेगनातही २०१० साली कायद्याचा असा अर्थ लावला गेला की घरची बिअर घराबाहेर नेताच येत नाही, आणि त्यापायी राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा रद्द झाली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त केला.

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. तिथे १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. पुण्यातली माझी मावसबहीण दर फोनला म्हणते, ‘ताई, कृती पाठव ना.’ मी पाठवत नाही. तिला सांगते, तुझ्या शहरात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर करणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून तिथे ताजी बिअर करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आहे. तिथे जा, टाक्या बघ, बिअर करणाऱ्यांना प्रश्न विचार. कुतूहल भागवायला तेवढं पुष्कळ आहे.

शिकणारे बहुतेकजण सुरुवात माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, अर्कापासून करतात. कारखान्यात जवाचं गोड पाणी आटवून काकवीसारखा पाक करतात किंवा त्याची पूड करतात. तो पाण्यात विरघळवायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं. दोन-तीन तासांत काम उरकतं. मीही तशीच सुरुवात केली आणि नव्या माणसाला मी तोच सल्ला देईन, कारण त्यात स्वच्छता, उकळणं, गार करणं, बाटल्या भरणं या सगळ्यावर हात बसतो. पण खरं सांगायचं तर अर्काच्या डब्यातून केलेल्या बिअरमध्ये जव भेटत नाही. तो तास आधीच कुठेतरी दूरच्या कारखान्यात होऊन गेलेला असतो.

धान्यापासून करायला फार सामग्री लागत नाही. चाळीसेक लिटरचं मोठं पातेलं आणि जाळीच्या कापडाची एक मोठी पिशवी. पिशवीत माल्ट घालून भिजवायचं आणि तासाने पिशवीच उचलून घ्यायची, ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रूढ केली आणि मला ती फार आवडते. हजारो डॉलरची स्टीलची यंत्रं विकत घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. यंत्राने काम सोपं होतं हे खरं, पण शिकताना पिशवी आणि पातेलंच बरं. हातांना वजन कळतं, चिकटपणा कळतो, वास थेट नाकात येतो. १९ लिटर बिअरसाठी साधारण साडेचार ते पाच किलो माल्ट आणि २७ लिटर पाणी. पाणी ७१ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे थंड धान्य पडलं की ते ६६-६७वर येतं. मग पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळायची.

त्या पातेल्यात काय होतं ते समजून घेताना मला शाळेतलं विज्ञान पहिल्यांदा कामाला आलं. जवाच्या दाण्यात रोपाची शिदोरी स्टार्चच्या रूपात भरलेली असते. दाणा भिजला, मोड फुटला की त्याच्यात एन्झाइम तयार होतात. ते स्टार्च तोडून साखर करतात, आणि कोवळा अंकुर मातीबाहेर येऊन पानं फुटेपर्यंत त्या साखरेवर जगतो. माल्ट करणारा माणूस दाण्याला मोड आणतो, एन्झाइम तयार होऊ देतो आणि अंकुर वाढायच्या आत दाणा भट्टीत वाळवून सगळं थांबवतो. शिदोरी शाबूत, तोडणारी हत्यारंही शाबूत. माझ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ती हत्यारं परत चालू होतात. त्यातली दोन मुख्य. एक साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या तोडत जातं, ते साठ ते पासष्ट अंशांच्या आसपास जोरात असतं. दुसरं साखळीत मधेच कुठेही घाव घालतं, त्याला सत्तरच्या जवळची ऊब मानवते. म्हणून ६३-६४वर मॅश केली, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवलं, तर बिअर हलकी, कोरडी होते, ६९वर केली तर अंगाने भरीव. ६६ हा दोघांनाही चालणारा मधला आकडा. शेजारच्या गुरुजींनी मला चौसष्ट आणि अडुसष्ट या दोन रेघा आखून का दिल्या होत्या, ते असं उशिरा उलगडलं.

हे झालं की नाही हे तपासायची युक्तीही शाळेतलीच आहे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी-काळी होते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. इथेही तेच. पांढऱ्या बशीत पातेल्यातल्या पाण्याचा एक थेंब घ्यायचा, शेजारी आयोडीनचा एक थेंब टाकायचा आणि काडीने दोन्ही जुळवायचे. सुरुवातीला थेंब शाईसारखा काळा होतो. मग जांभळट, मग तपकिरी. शेवटी आयोडीनचा पिवळट रंग जसाच्या तसा राहिला की समजायचं, स्टार्च संपला. आजकालच्या माल्टमध्ये एन्झाइम भरपूर असतात, त्यामुळे ही चाचणी करायची गरज नसते असं पुष्कळ जण म्हणतात. मी तरीही करते. रंग बदलताना बघायला मला आवडतं. बशीतले थेंब मात्र फेकून द्यायचे, परत पातेल्यात टाकायचे नाहीत.

आई आमच्याकडे उन्हाळ्यात आली होती तेव्हा मी असंच पातेलं लावलं होतं. ती वरच्या खोलीतून खाली आली आणि दारातूनच म्हणाली, ‘अगं, नाचणीसत्त्व करत्येस होय?’

तेव्हा तो वास मला सापडला. आई संगमेश्वरकडची. आमच्या घरी बाळ जन्मायच्या आधीच नाचणीची तयारी सुरू व्हायची. नाचणी धुवायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. हे तंतोतंत माल्टिंग आहे. भिजवणं, मोड, वाळवणं, भाजणं: जवाच्या कारखान्यातल्या पायऱ्या याच क्रमाने येतात. आणि बाळासाठी मोड का आणायचे याचं कारणही तेच एन्झाइम. साध्या पिठाची पेज दाट होते, बाळाला गिळवत नाही. पातळ करायला पाणी वाढवलं तर अंगाला काही लागत नाही. मोडाच्या पिठात स्टार्च तुटतो, पेज आपोआप पातळ आणि गोडसर होते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. आईला एन्झाइम हा शब्द माहीत असण्याची गरजच नव्हती. ‘मोडाचं गोड लागतं नि पचतं,’ हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं.

मी तिला पळीभर गोड पाणी दिलं. यीस्ट पडायच्या आधी त्यात दारूचा थेंबही नसतो. तिने चाखलं, परत मागून घेतलं. मग विचारलं, ‘आता याचं पुढे काय होणार?’ मी सांगितलं. ती काही वेळ बोलली नाही.

आमच्या गावात उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान झालं होतं. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गावातलं दारूचं दुकान राहावं की बंद व्हावं यावर मत घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान हवं, आडवी म्हणजे नको, आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर दुकान बंद होतं. आई त्यासाठी दारोदार फिरली होती. तिच्या डोळ्यांसमोर तीन-चार घरं दारूने बसली होती, त्यातल्या एका घरातली तिची जिवाभावाची मैत्रीण होती. त्यामुळे ती जेव्हा म्हणाली, ‘एवढं चांगलं धान्य, त्याची दारू कशाला करायची?’ तेव्हा तो वादासाठी टाकलेला प्रश्न नव्हता. माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी तिला एवढंच सांगितलं की ही पाच टक्क्यांची आहे, आम्ही दोघं जेवताना एखादा ग्लास घेतो, बाकीची मित्रांना वाटतो, आणि दारू गाळायच्या वाटेला मी कधी जाणार नाही. ती म्हणाली, ‘ते तू बघ.’ पण परत जाईपर्यंत दर शनिवारी ती माल्ट भरडायला माझ्यासोबत बसायची. बिअर तिने चाखली नाही आणि मी आग्रह केला नाही.

नाचणीचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धान्यातला स्टार्च गोड करायला जगभरच्या माणसांनी तीन वाटा शोधल्या. एक मोडाची. युरोपातली बिअर त्या वाटेने आली आणि पूर्व आफ्रिकेतही मोड आणलेल्या नाचणीची बिअर करतात. दुसरी बुरशीची. जपानात तांदळावर कोजी वाढवतात. नेपाळ-सिक्कीमकडे नाचणी शिजवून तिच्यात मर्चा नावाच्या वड्या कुस्करून घालतात, त्या वडीतली बुरशी स्टार्च तोडते आणि त्याच वडीतलं यीस्ट साखर आंबवतं. त्याची तोंगबा होते. लाकडी किंवा बांबूच्या उंच भांड्यात आंबलेली नाचणी भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने ओढून पितात. पाणी संपलं की परत ओततात. तिसरी वाट माणसाच्या लाळेची. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात मका चावून त्याची चिचा करायची जुनी रीत आहे, कारण आपल्या लाळेतही स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. घास फार वेळ चावला की गोड लागतो तो त्याचमुळे. आमच्या कोकणात नाचणीला मोड आणून आपण पहिल्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जातो आणि बाळाच्या वाटीशी थांबतो. तेच धान्य हिमालयात दुसऱ्या वाटेने तोंगबापर्यंत पोचतं. हे कळल्यापासून माझ्यासाठी बिअर ही युरोपची वस्तू राहिली नाही. ती धान्य खाणाऱ्या सगळ्या माणसांची आहे.

आणि बायकांचीही. प्राचीन सुमेरच्या (आजच्या इराकमधल्या) लोकांची बिअरची देवता निंकासी ही स्त्री होती. इंग्लंडात मध्ययुगात घरच्या चुलीवर बिअर करून उरलेली विकणाऱ्या बायका गावोगाव होत्या. धंदा मोठा झाला, कारखाने आले, तसा तो पुरुषांच्या हातात गेला. इथे ऑरेगनात काम केलेल्या टेरी फॅरेनडॉर्फ यांनी २००७ साली या व्यवसायातल्या बायकांची पिंक बूट्स सोसायटी सुरू केली. मी व्यवसायात नाही, पण बिअर करणारी बाई बघून दुकानात कोणी भुवया उंचावल्या की मला निंकासी आठवते.

पिशवी उचलून निथळली की मागे चोथा उरतो. साखर निघून गेलेली असते, पण तंतू आणि प्रथिनं राहतात. इथले लोक तो कंपोस्टमध्ये घालतात किंवा कोंबड्यांना देतात. आईने त्यातला थोडा ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून, दळून, भाजणीत मिसळला. थालीपीठ खरपूस झालं, थोडं चरचरीत, पण वर लोणी घातल्यावर अप्रतिम. आता दर वेळी मी एक डबा बाजूला काढते.

पाण्याबद्दल थोडक्यात. पोर्टलंडचं पाणी बुल रन नावाच्या जंगलातल्या पाणलोटातून येतं, अतिशय मऊ असतं आणि बिअरसाठी उत्तम. त्यात क्लोरामाइन मात्र असतं, आणि ते उकळून सहजी जात नाही. राहिलं तर बिअरला औषधी पट्टीसारखा वास येतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची छोटी गोळी कुस्करून टाकली की प्रश्न मिटतो.

गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते तासभर खळखळ उकळायचं आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. हिरवी, हलकी, खवल्याखवल्यांची, आत पिवळी चिकट पूड. उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडूपणा देतात, कारण त्यांतली आम्लं उष्णतेने रूप बदलल्याशिवाय पाण्यात नीट उतरत नाहीत. शेवटी घातले तर वास देतात, कारण सुगंधी तेलं उकळीत उडून जातात. मी वापरते तो कॅस्केड नावाचा वाण आमच्याच राज्यात, कॉर्व्हॅलिसला, सरकारी कृषी संशोधनातून तयार झाला आणि १९७२ साली लागवडीसाठी खुला झाला. त्याला पपनसाच्या सालीचा वास येतो. अमेरिकन पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) म्हणून जी चव आज जगभर ओळखली जाते ती बरीचशी या एका वाणाची आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या शेतीच्या संशोधनाने एका देशाची चव बदलली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हॉप्स बिअर टिकवतातही. त्यावरून मुंबईचा संबंध येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर पिंपं चढायची आणि आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरायची. पुढे इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या कारखानदारांनी हा व्यापार घेतला. इंडिया पेल एल खास या प्रवासासाठी शोधून काढली अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी नाही. फिकट रंगाची, जास्त हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि काळीभोर पोर्टरही त्याच जहाजांतून भारतात यायची. पेल एल त्या प्रवासात चांगली मुरायची आणि भारतातल्या गोऱ्या अंमलदारांना आवडली, एवढंच.

उकळी थांबली की तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडून त्यातून गार पाणी फिरवायचं आणि वर्ट लवकरात लवकर २० अंशांवर आणायचं. इथून पुढे सगळा खेळ स्वच्छतेचा. उकळत असेपर्यंत त्यात काही जगत नाही. गार झालेलं गोड पाणी मात्र हवेतल्या प्रत्येक जिवाणूला हवं असतं. म्हणून बादली, झाकण, नळी, चमचा, स्वतःचे हात, सगळं जंतू मारणाऱ्या आम्लाच्या फेसाळ पाण्यातून काढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते मन लावून करणारा माणूस आणि उरकणारा माणूस यांच्या बिअरमध्ये फरक पडतोच.

मग यीस्ट. हौशी लोकांत एक म्हण आहे की आपण फक्त वर्ट करतो, बिअर यीस्ट करतं. हे शब्दशः खरं आहे. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं, त्याआधीची हजारो वर्षं माणसाला या जिवाचा एकच वाण वेगळा काढून वाढवता येत नव्हता. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलं आहे, यीस्टचं नाव नाही. आज मी दुकानातून एक पाकीट आणते आणि त्यात अब्जावधी पेशी असतात.

पाकीट टाकल्यावर रात्र जाते, आणि सकाळी एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, बुडबुडे यायला लागतात. दुसऱ्या दिवशी वर तपकिरी रेषांचा पांढरा फेस चढतो. यीस्ट काम करताना स्वतः ऊब सोडतं, बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असतं. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश बरे. फार वर गेलं तर झोंबणारे, सॉल्व्हंटसारखे वास येतात. म्हणून मी बादली पाण्याच्या टबात ठेवते, उन्हाळ्यात टबात बर्फाच्या बाटल्या टाकते. उघडून मात्र बघत नाही. पहिल्या आठवड्यात बिअरला हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास येतो, आणि यीस्टला वेळ दिला तर तेच यीस्ट आपण सोडलेले ते पदार्थ परत शोषून घेतं. फेस बसला म्हणून घाईने बाटल्या भरणाऱ्यांना ही शेवटची आवराआवर मिळत नाही. दोन आठवडे मी बादलीकडे फिरकत नाही.

हायड्रोमीटरने सुरुवातीची घनता १.०५० आली असेल आणि शेवटी १.०१२वर दोन-तीन दिवस स्थिर राहिली असेल, तर अल्कोहोल साधारण पाच टक्के. ‘किती टक्के’ या प्रश्नाचं उत्तर हे. आठ-दहा टक्क्यांची कडक बिअर करून दाखवण्यात मला रस नाही. माल्ट दुप्पट घातलं की ती होते, त्यात जव काही वेगळं बोलत नाही.

बाटल्या भरताना १९ लिटरला ११० ते १२० ग्रॅम साखर उकळून घालायची. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू विरघळतो. आंबणं पुरतं संपायच्या आत भरलं किंवा साखर जास्त झाली तर बाटल्या फुटतात, आणि काचा खरंच भिंतीत रुततात. इथे अंदाजपंचे चालत नाही, वजनकाटा हवा. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात, हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून ऊन लागलं की हॉप्सला उग्र कुबट वास येतो. मग आणखी दोन आठवडे कपाटात.

सध्या माझं लक्ष सप्टेंबरकडे आहे. आमच्या दक्षिणेला विलॅमेट खोऱ्यात ऑगस्टच्या अखेरीला हॉप्सची तोडणी सुरू होते. तोडलेली फुलं एरवी लगेच भट्टीत वाळवतात. काही शेतकरी ओली फुलं थेट विकतात. त्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, म्हणून वाळलेल्या हॉप्सच्या पाच-सहापट वजनाने घ्यावी लागतात, आणि तोडल्यापासून दिवसभरात पातेल्यात पडायला हवीत, नाहीतर काळी पडून कुजट होतात. म्हणजे तारीख शेतकरी ठरवणार. शेजारच्या गुरुजींनी आणि मी ठरवलं आहे की शेतावरून निरोप आला की एकाने गाडी काढायची आणि दुसऱ्याने पाणी तापत ठेवायचं. गाडी ते काढणार आहेत. मी ६६ अंश सांभाळणार आहे, आणि माल्ट भरडून ठेवायचं काम आईकडे आहे. ती या वर्षी सप्टेंबरातच येते आहे. फोनवर तिने आधी वाळवणाच्या ट्रेची चौकशी केली, चोथा जास्त निघणार असेल तर भाजणी घरूनच आणते म्हणाली.